अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हवर आम्हाला प्रवासी ठरवू नका

धुळ्याचा_डिझेलवाला
'तापीकाठ' यांची परवाची पोस्ट ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: साहेब भुसावळहून रात्रीच्या गाडीने गेले, नवी मुंबईत जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडची निसान ३७०झेड पाम बीच रोडवर अर्धा तास चालवली, आणि परत येऊन जाहीर केलं, "टर्बोवाल्यांनी इंजिन म्हणजे काय ते पाहिलेलंच नाही. आणि ऑटोमॅटिकवाले ड्रायव्हर नव्हेत, प्रवासी." वर, हील-टो (पंजाने ब्रेक दाबत टाचेने रेस देऊन खालचा गिअर टाकणं) पहिल्याच फटक्यात जमलं म्हणे.

दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

गाडी भारीच आहे, नाही कोण म्हणतो? ३.७ लिटरचं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं इंजिन), हवा दाबून भरणारा टर्बो नाही, सहा गिअरचं मॅन्युअल, ताकद मागच्या चाकांना, ७५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ओढते. पण भो, ती दुसऱ्या गिअरमध्येच शंभरी ओलांडते! म्हणजे कायदा पाळला असेल तर तुम्ही खऱ्या अर्थाने चालवले दीड गिअर, बाकीचे साडेचार शोभेला. मी आठवड्यातून चारदा धुळे-चाळीसगाव करतो. पुढे मक्याची ट्रॉली, मागचा लाल दिवा नाही, समोरून बस, आणि मध्ये जेमतेम मोकळी जागा. तिथे मला २००० आरपीएमच्या आतच ढकलणारं टर्बो डिझेल इंजिन लागतं, ७००० वर गाणं म्हणणारं नाही.

आणि धुळे-जळगाव रस्त्यावरच्या फागणे-तरसोद चौपदरीकरणाची वाट बघत ज्यांनी वर्षं काढली, त्यांना स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची सांगू नका. हसू येतं.

तापीकाठ
दीड गिअर तर दीड गिअर! त्या दीड गिअरमध्ये जे कळलं ते तुम्हाला डिझेलच्या दोन लाख किलोमीटरमध्ये कळलं नाही, त्याला मी काय करू?

एनए, म्हणजे बिनटर्बो इंजिनात पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तेव्हाच मिळतं. टर्बोचं म्हणजे गल्लीतल्या आबांना हाक मारण्यासारखं. आधी धोतर सावरतील, मग टोपी शोधतील, मग येतील. आणि आले की एकदम चौघांचं बळ घेऊन अंगावर येतील. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा टर्बोची तापलेली हवा थंड करणारा तुमचा इंटरकूलर कुठून गार हवा आणतो तेही सांगा.

गाडी घेतलीही असती. पण २०१०च्या आसपासच्या इंजिनात हे ई-२०चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) पाणी ओतायचं जिवावर आलं. पेट्रोलच्या भावात मक्याची दारू!

धुळ्याचा_डिझेलवाला
उन्हात हवा विरळ होते ती तुमच्या एनएलाही होते. भुसावळचं ऊन टर्बो बघून पडत नाही.

मक्याचा_भाव
पाणी? मक्याची दारू? आमना मका तुमले पानी दिखस का?

जिभाऊ, मी शिरपूरकडचा. घरात एक हॅचबॅक आणि एक ट्रॅक्टर, दोन्ही मॅन्युअल, दोन्हींचा कोणी टेस्ट ड्राइव्ह लिहीत नाही. मक्याला कोंबडीखाद्य आणि स्टार्चशिवाय आणखी एक गिऱ्हाईक आलं ते या इथेनॉलमुळे. तुमच्या खेळण्याच्या गाडीसाठी तेही बंद करायचं?

बिनटर्बो_अमळनेर
शेतकऱ्याला कोणी काही म्हटलेलं नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका. माझी २००८ची सिव्हिक आहे, १.८ एनए, मॅन्युअल. हायवेला लिटरमागे १४ मिळायचे, आता १३. यात माझं रडगाणं काही नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल हे नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात होतं. तक्रार एवढीच की घट माझ्या माथी आणि भाव तोच. पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय तरी ठेवा.

मक्याचा_भाव
लिटरमागे एक किलोमीटर! अरेरे. वर्गणी काढू का?

जळगावचा_मिस्तरी
दोघंही अर्धं सांगताय. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्याने इंधन वेळेआधी पेटून इंजिनात ठकठक होत नाही, हा फायदाच. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नसतात. आणि ते हवेतली ओल शोषतं. चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत खाली पाणी साचलेलं मी स्वतः काढलंय. रोज चालणाऱ्या गाडीला एवढा त्रास नाही. त्रास आहे तो रविवारी दोन तास बाहेर काढून पुन्हा झाकणाऱ्या हौशी गाड्यांना. म्हणजे नेमका तापीकाठ भाऊंना.

केळीपट्टा_रावेर
मका-मका करणाऱ्या भाऊंना एक विचारतो. २०२५-२६चा हमीभाव २४००. मी दिवाळीनंतर विकला तो त्याच्या कितीतरी खाली, ओलावा दाखवून अजून कापले. इथेनॉल आलं तर गिऱ्हाईक आलं ना? मग पैसा कुठे अडला?

मक्याचा_भाव
ते खरं आहे. मीही खालीच दिला. पण म्हणून पाणी म्हणायचं?

डेपोतला_दादा
तुमचं पेट्रोल चालू द्या. मी मूळ मुद्द्यावर येतो.

एसटीत २९ वर्षं ड्रायव्हर होतो. सुरुवातीच्या गाड्यांना डबल क्लच केल्याशिवाय गिअर पडत नसे. क्लच, न्यूट्रल, पुन्हा क्लच, मधे अंदाजाने रेस. कन्नडच्या घाटात साठ माणसं मागे बसवून दिवसातून दोनदा. तुम्ही ज्याला हील-टो म्हणून मिरवता त्याचा तो थोरला भाऊ, आणि आम्हाला त्याचा पगार मिळायचा. क्लचही असा की डावा गुडघा आता जिना चढताना मोजून घेतो.

निवृत्त झाल्यावर ऑटोमॅटिक घेतली. आता तापीकाठ, मला प्रवासी म्हणून दाखव.

तापीकाठ
दादा, तुम्हाला नव्हतं हो ते.

डेपोतला_दादा
लिहिलं तर सगळ्यांना होतं.

बिनटर्बो_अमळनेर
मी तापीकाठच्याच बाजूचा. एनए मॅन्युअलसारखं सुख नाही, आणि ते टर्बोवाल्यांनी मारलेलं नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीच्या आत असलं तर कर कमी, या नियमाने मारलं. छोट्या इंजिनातून जोर काढायचा तर कंपन्या टर्बो लावणारच. उद्या नियम बदलला तर बघू.

पण आपल्याच माणसाला एक विचारावं लागेल. ३७०झेडच्या गिअर लिव्हरजवळ 'एस' लिहिलेलं बटण असतं. ते चालू असलं की खालचा गिअर टाकताना आरपीएम कॉम्प्युटरच जुळवतो. हील-टो करायची गरजच उरत नाही. तुमचं बटण चालू होतं की बंद?

धुळ्याचा_डिझेलवाला
😂 थांबा, चहा घेऊन येतो.

तापीकाठ
(तीन तासांनी) चालू होतं. विक्रेत्यानेच दाबून दिलं होतं. मला वाटलं, स्पोर्ट म्हणजे जोरात पळायचं बटण असेल. झालं समाधान? टाच मी मारत होतो एवढं खरं, तिचा उपयोग होत होता का ते आता देव जाणे.

ड्रायव्हर-प्रवासी हे वाक्य दादांपुरतं मागे. फक्त दादांपुरतं. बाकी ७०००च्या वर त्या इंजिनाचा जो आवाज येतो त्याबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

धुळ्याचा_डिझेलवाला
त्या व्ही-सिक्सच्या वरच्या आवाजाला निसानचे चाहतेसुद्धा खरखरीत म्हणतात. आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी तुम्हाला आवडेल. पण ठीक आहे, लिव्हर हातात धरून गाडी चालवायला मजा येते, एवढं मी डिझेल मॅन्युअलमध्येही मान्य करतो.

डेपोतला_दादा
पुढच्या खेपेला मला सोबत ने. बटण बंद करून बघू.

मक्याचा_भाव
'पाणी' मागे घेतलं का कोणी?