मदत हवी आहे : परदेशातलं पार्किंग मीटर पहिल्या झटक्यात कळलं का?

नमस्कार मंडळी. रस्त्याकडेची पार्किंग मीटर नवख्या माणसाला कितपत समजतात, यावर मी टिपणं काढतोय. तुमचे अनुभव हवे आहेत.

१९३५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत पहिलं मीटर बसलं. नाणं टाका, काटा उरलेली वेळ दाखवतो, बस. आता मात्र देश बदलला की रीत बदलते. नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी गाडीचा नंबर टाइप करावा लागतो. तो पाठ नसेल तर परत गाडीपर्यंत चालत जा. जपानच्या मीटरमधला सेन्सर गाडी उभी राहिली की स्वतःच वेळ मोजू लागतो. जर्मनीत काही जागी पैसेच लागत नाहीत, काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी, घड्याळासारखी निळी चकती ठेवायची. पण तिचा बाण पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा : १०:१० ला पोचलात तर १०:३० वर. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

मी स्वतः एका यंत्रापुढे चांगलाच अडकलो होतो. उन्हामुळे पडद्यावर काही दिसेना, वेळ वाढवायला हिरवं बटण दाबलं तर सगळ्यात कमी वेळेचं तिकीट छापून बाहेर! मागे रांग, त्यामुळे आणखीच गडबड.

तर कृपया सांगा : देश कोणता, नेमकं कुठे अडलात, भाषा बदलायचं बटण सहज सापडलं का? व्हीलचेअरवरून किंवा कमी दिसत असताना मीटर वापरलेल्यांनी तर नक्की लिहा. बटणांचा फोटो असेल तर फारच उत्तम.