फोक्सवॅगन: 'जर्मन म्हणजे पक्कं काम' हा समज अजून किती दिवस?

वाटसरू

१९६० च्या सुमाराची एक जाहिरात आहे. मधोमध बीटल गाडी आणि खाली एकच शब्द, 'लेमन'. सदोष निघालेल्या गाडीला अमेरिकेत असं म्हणतात. खालचा मजकूर असा, की या गाडीच्या ग्लव्ह बॉक्सवरची क्रोमची पट्टी डागाळली होती, म्हणून तपासनिसाने ती गाडीच अडवली. न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाक या जाहिरात कंपनीचं हे काम. स्वतःच्या मालाला भंगार म्हणून लोकांचा विश्वास कमवायचा. काय डोकं लावलंय!

आता थेट २०१५ ला या. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर, की चाचणी चालू असेल तेव्हाच प्रदूषण आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. अमेरिकेत सुमारे ४,८२,००० गाड्या, जगभरात १ कोटी १० लाख. क्रोमच्या डागावरून गाडी अडवणारा तपासनीस तेव्हा कुठे होता?

कंपनीचा जन्मही आठवा. १९३७ मध्ये नाझींच्या श्रमिक आघाडीने ती काढली, १९३८ मध्ये फालर्सलेबेनजवळ हिटलरने कोनशिला बसवली. गाडी ९९० राइशमार्कांची. घ्यायची तर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट पुस्तिकेत चिकटवत जायचं. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले आणि गाडी एकालाही मिळाली नाही. आपल्याकडचे भिशी बुडवणारे बरे, ते निदान गाव तरी सोडतात.

माझं म्हणणं एवढंच, की गाडी चांगली असेलही. पण 'सचोटीची कंपनी' ही ख्याती कारखान्यात तयार झालेली नाही. ती जाहिरातवाल्यांनी लिहिली आणि आपण 'जर्मन आहे, डोळे झाकून घे' म्हणत पुढे ढकलली. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्द्याने बोलावं.

पत्रा_जाड

मुद्द्याने बोलतो. पोलो चालवली आहे का कधी? द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगात गाडी रस्त्याला कशी चिकटून राहते ते बघा, मग १९३७ काढा. दरवाजा लावल्यावर जो 'धप्प' आवाज येतो तो कुठल्याही जाहिरातवाल्याने लिहिलेला नाही. २०२२ मध्ये भारतात पोलो बंद झाली, तेव्हा लोक जुन्या गाड्या शोधत फिरत होते, आणि पोलोचीच जीटी टीएसआय आवृत्ती चांगल्या स्थितीतली असेल तर मालक आजही भाव सोडत नाही. ही ख्याती चालवणाऱ्यांनी दिलेली आहे.

आणि हिटलरचं काय घेऊन बसलात? आज वोल्फ्सबुर्गच्या त्याच कारखान्यात स्क्रू पिळणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

इतिहासाचा_किडा

धागाकर्त्याने तिकिटांची गोष्ट सांगितली, पण अर्धी. ते पैसे कारखान्याकडे गेलेच नव्हते. ते श्रमिक आघाडीच्या बर्लिनच्या बँकेत होते आणि युद्धानंतर रशियनांच्या हाती गेले. तरी ठेवीदारांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चालवलं. अखेर १९६१ मध्ये तडजोड झाली: नवी गाडी घेतली तर ६०० मार्कांपर्यंत सूट, नको असेल तर १०० मार्क रोख.

खरा डाग दुसराच आहे आणि तो दोघांनीही सोडला. युद्धकाळात या कारखान्यात लष्करी गाड्या आणि व्ही-१ उडत्या बॉम्बचे भाग बनत होते, आणि ते बनवणारे बहुतेक लोक पकडून आणलेले होते. एकूण सुमारे २०,०००. पोलंड आणि सोव्हिएत संघातल्या बायका, युद्धकैदी, छळछावण्यांतले ज्यू. १९४४ पर्यंत कामगारांत त्यांचंच प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास होतं. या बायकांची तान्ही मुलं काढून घेऊन र्‍यूएन गावातल्या 'बालगृहा'त ठेवत. घाण, उपासमार आणि संसर्गाने तिथे ३५० हून अधिक बाळं मेली. जबाबदार डॉक्टर हान्स क्योर्बेल याला ब्रिटिशांनी १९४७ मध्ये फाशी दिलं. त्या काळात कारखान्याचा प्रमुख होता आंटोन पिएश, फर्डिनांड पोर्शेचा जावई. त्याचाच मुलगा फर्डिनांड पिएश १९९३ ला कंपनीचा सर्वेसर्वा झाला.

पत्रा_जाड, स्क्रू पिळणाऱ्याचा संबंध नाही हे मान्य. मालकीचा आहे.

मंजिरी_स

बाळांचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. वाचून पुढचं वाचवेना.

ब्राउनश्वाइगची_सून

मी वोल्फ्सबुर्गपासून जवळच राहते. आमच्याकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी 'व्हीडब्ल्यू'त असतं. (परदेशी लोकांना खरं वाटत नाही, पण ही कंपनी स्वतःचं सॉसेजही बनवते, त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा क्रमांक आहे, आणि गाड्यांपेक्षा ते नग जास्त खपतात.)

किड्याने लिहिलं ते सगळं खरं. पण पुढचंही लिहा ना. कंपनीनेच १९८६ मध्ये हान्स मॉमसेन या नावाजलेल्या इतिहासकाराकडे हे काम सोपवलं, १९९६ मध्ये हजारभर पानांचा ग्रंथ निघाला. त्यात काही झाकलेलं नाही. कारखान्याच्या आवारात जुन्या बॉम्बविरोधी तळघरात १९९९ पासून सक्तीच्या मजुरांचं स्मारक-प्रदर्शन आहे. किती कंपन्यांनी असं केलं? आपल्याकडच्या जुन्या उद्योगघराण्यांनी अफूच्या व्यापाराबद्दल असा ग्रंथ लिहवून घेतला आहे का?

इतिहासाचा_किडा

अफूचा टोला आवडला, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण मजुरांसाठी २ कोटी मार्कांचा निधी निघाला तो १९९८ मध्ये, तोही खटल्यांची भाषा सुरू झाल्यावर. तोवर त्यातले किती जण हयात राहिले असतील? इतिहासकाराला मानधन लवकर मिळालं, मजुरांना उशिरा.

वाटसरू

पत्रा_जाड, बीटल आज आपल्याला माहीत आहे ती एका ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. १९४५ मध्ये मेजर आयव्हन हर्स्ट तिथे आला तेव्हा कारखाना बॉम्बने फुटलेला होता. त्याने जुनी गाडी रंगवून वरिष्ठांना दाखवली आणि ब्रिटिश सैन्याने २०,००० गाड्यांची मागणी नोंदवली. गुणवत्ता तपासणीची घडी बसवण्यातही त्याचा हात होता. ब्रिटिश कारखानदारांना हा कारखाना नको होता, १९४८ मध्ये फोर्डनेही नाही म्हटलं. 'जर्मन शिस्ती'चा पाया घालणारा माणूस यॉर्कशरचा, ही गंमत नाही का?

पत्रा_जाड

हर्स्टने कारखाना उभा केला, पण १९४८ पासून चालवला हाइनरिश नॉर्डहॉफने. तो जर्मन, ओपेलमधून आलेला. १९५५ ला दहा लाखावी बीटल त्याच्याच काळात निघाली. दर वर्षी नवा आकार काढण्याऐवजी तीच गाडी आतून सुधारत राहायचं, हे धोरण त्याचं. १९७२ मध्ये बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला, आणि २००३ मध्ये मेक्सिकोच्या पुएब्लात शेवटची निघाली तोवर आकडा २ कोटी १५ लाखांवर गेला होता. जाहिरातीवर एवढ्या गाड्या खपत नाहीत हो. पहिली गाडी जाहिरात विकते, दुसरी मात्र ती पहिली गाडीच विकून देते.

डिझेल_मिस्त्री

तुम्ही लोक २०१५ वर बोलणार म्हणून वाट बघत होतो. तो भाग कोणी नीट सांगत नाही.

डिझेल इंजिनात तापमान आणि हवा जास्त, म्हणून नायट्रोजन ऑक्साइड जास्त. आवरायचे मुख्य दोन रस्ते. एक, धुरात युरियाचं पाणी फवारा. त्याला वेगळी टाकी, जागा, पैसा, आणि गिऱ्हाइकाला टाकी भरायची कटकट. दुसरा, सायलेन्सरच्या वाटेवर सापळा बसवा. तो साफ ठेवायला इंजिन मधूनमधून जास्त डिझेल जाळतं, म्हणजे अ‍ॅव्हरेज पडतं. कंपनीने लहान गाड्यांना सापळा लावला आणि अमेरिकेत 'स्वच्छ डिझेल' म्हणून विकलं. अमेरिकेची मर्यादा युरोपच्या त्या वेळच्या नियमापेक्षा कितीतरी कडक. ताकद, अ‍ॅव्हरेज, किंमत आणि स्वच्छ धूर, चारही एकत्र बसेनात.

मग सॉफ्टवेअर. चाचणीच्या रोलरवर चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही. वेग, वेळ, हवेचा दाब हे सगळं ठरलेल्या साच्यात असतं. गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखायचा आणि शहाण्या मुलासारखा वागायचा. रस्त्यावर आला की मोकळा.

सापडलं कसं? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी मोजायचं यंत्र डिकीत टाकून गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर पळवल्या. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम हे आपल्या देशातले संशोधकही होते. २०१४ चा अहवाल: जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पसाट ५ ते २० पट. तिसरी गाडी बीएमडब्ल्यूची एक्स ५, ती जवळजवळ सगळीकडे मर्यादेत. तीही जर्मन! युरियाची टाकी असलेली. म्हणून 'नियमच अशक्य होते' हे कारण मला कोणी सांगू नये.

सडेतोड

मिस्त्री, झकास. पण यातून पत्रा_जाडचाच मुद्दा सिद्ध होतो. एवढी बारीक फसवणूक करायला अव्वल इंजिनिअर लागतात! दोष हुकूम सोडणाऱ्यांचा. फर्डिनांड पिएशने भीतीवर कंपनी चालवली, 'होणार नाही' म्हणायची सोय ठेवली नाही. पण गाडी घेणाऱ्याला संचालकांशी काय करायचंय?

वाटसरू

करायचंय. ब्रेक, एअरबॅग, धूर यातलं काहीच मी घरी तपासू शकत नाही. या सगळ्यात मी कंपनीच्या शब्दावर पैसे मोजतो. शब्द खोटा असेल तर 'धप्प' आवाजाचं काय करू?

चाकणकर

सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात असतो, म्हणून आमच्या बाजूचं थोडं. चाकणचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला, त्याआधी २००१ पासून समूहातल्या स्कोडाचा शेंद्र्यात. गुणवत्तेचं लेखापरीक्षण करायला यांची माणसं आली की आमच्या साहेबांची झोप उडते. मापात केसभर फरक असला तर आख्खी लॉट परत. हे मी बघतोय, जाहिरातीत वाचलेलं नाही.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात बनलेली, एअरबॅग नसलेली पोलो आपटली. प्रौढांच्या सुरक्षेला शून्य तारे. सांगाडा मजबूत निघाला, पण माणूस वाचवायला एअरबॅगच नाही. कंपनीने ते मॉडेल काढून टाकून दोन एअरबॅग सगळ्यांना दिल्या, आणि त्याच गाडीला चार तारे मिळाले. म्हणजे द्यायची ऐपत होती, युरोपात देतही होते. आपल्याला कोणी विचारेपर्यंत दिलं नाही. पुढे कंपनीच्याच व्हर्टस, टायगून या गाड्यांना पाच तारे आले.

डिझेलचंही तसंच. एआरएआय या पुण्याच्या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. कंपनीचं म्हणणं, भारतातले नियम आम्ही मोडलेच नाहीत. कारण तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर चाचणीच नव्हती!

पत्रा_जाड

चाकणकर, मग दोष आपल्या नियमांचा झाला. त्या शून्य ताऱ्यांच्या फेरीत पाचही गाड्या नापास होत्या, त्यात सगळ्यात मोठा खप असलेली गाडीही होती. ती घेणाऱ्यांनी कधी 'ख्याती'वर धागा काढला नाही. जर्मन कंपनीकडून जास्त अपेक्षा ठेवता, हीच तिच्या ख्यातीची पावती.

चाकणकर

अपेक्षा जास्त ठेवतो कारण पैसे जास्त मोजतो. सर्व्हिसचं बिल बघितलंय का?

मंजिरी_स

मला गाडीतलं फार कळत नाही. पण अमेरिकेत कंपनीने गाड्या परत विकत घेतल्या, २०१६ ची ती तडजोड १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची. आपल्याकडे सॉफ्टवेअर बदलून दिलं आणि या म्हणाले. ही तफावत फक्त आपल्या नियमांची आहे असं म्हणून सोडून द्यायचं?

सडेतोड

हो. कंपनी कायद्याने भाग पाडेल तेवढंच करते. जर्मन असो, जपानी असो, नाहीतर आपल्या पिंपरीची.

ब्राउनश्वाइगची_सून

सडेतोड, 'दोष हुकूम सोडणाऱ्यांचा' म्हणालात, तर इथलं ऐका. आमच्या गावच्याच कोर्टात खटला चालला. मे २०२५ मध्ये चार माजी अधिकारी दोषी ठरले, दोघांना प्रत्यक्ष तुरुंगवास, दोघांना स्थगित शिक्षा. नोटीस आल्यावर पाच दिवसांत राजीनामा दिलेले प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांचा खटला सप्टेंबर २०२४ मध्ये उभा राहिला आणि त्यांच्या तब्येतीमुळे थांबला. त्याआधी अमेरिकेत जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिने झाले होते.

आणि २०२४ च्या डिसेंबरात करार झाला, की २०३० पर्यंत जर्मनीत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करायच्या. डिझेलपायी ३० अब्ज युरोंहून अधिक गेले, ते कोणाच्या खिशातून गेले हे आमच्या शेजारच्या बाईंना विचारा. मुलगा जोडणी विभागात आहे. त्यांना कंपनीचा राग येतो, पण दारात गाडी तीच, दुसरी घेणार नाहीत.

वाटसरू

शेजारच्या बाईंचं समजू शकतो, त्यांचं घर त्यावर चालतं. माझं चालत नाही. मी एक्स ५ च्या टाकीचा विचार करतोय, परवडली तर.

डिझेल_मिस्त्री

जुनी घेताय का? युरियाची टाकी आणि पंप आधी तपासून घ्या, बिघडला तर खर्च ऐकून फोक्सवॅगनला माफ कराल.