आयईएल्टीएसच्या तयारीत एआय: पोरं शिकतात की नुसतं सुधारून घेतात?

रंकाळाकाठ
माझी भाची आयर्लंडला एमएस्सीला जायची तयारी करतेय. त्यासाठी आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, द्यायचीय. क्लासला चाळीस पोरं, सर एकटे. निबंध तपासून मिळायला आठवडा जायचा. आता रोज रात्री ती चॅटजीपीटीला दाखवते. त्यानं एका निबंधात नऊ ठिकाणी गाळलेला 'द' (the) शोधून दाखवला. मराठीत नामाआधी इंग्रजीसारखे 'अ' (a), 'द' (the) नसतातच, त्यामुळं ते राहिले तर आपल्या कानाला खुपत नाही. मग तिच्या ओळखीच्या विषयावर, साखर कारखान्यावर, दहा वाक्यं सरावाला दिली. एकेकाच्या चुकीवर बेतलेली शिकवणी आजवर पैसेवाल्यांनाच परवडायची. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त मास्तर
'द' सापडला, चांगलं झालं. पण बोलण्याच्या परीक्षेला ११ ते १४ मिनिटं समोर माणूस असतो. ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार, चारींना सारखं वजन. शेजारचा मुलगा परवा मोबाइलशी बोलत होता. 'स्नॅक्स'ला 'स्नेक्स' म्हणाला. मोबाइलनं संदर्भावरून 'स्नॅक्स'च लिहिलं आणि वर शाबासकी दिली. त्याची चूक त्याला कळलीच नाही. मी त्याला थांबवून पाच वेळा म्हणायला लावलं.

शाहूपुरीची लेक
सर, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. कॉलेजात इंग्रजीत तोंड उघडलं की मागचे बाक हसायचे. दोन वर्षं मी गप्प बसले. मोबाइल हसत नाही. त्याच्याशी बोलून बोलून जीभ सुटली, मग माणसांपुढं उभी राहिले. गप्प बसलेल्या पोरीचे उच्चार तुम्ही तरी कसे सुधारणार?

लीड्समधला कोल्हापूरकर
मला हे सगळं धोक्याचं वाटतं. माझ्यासोबत आलेला एक मित्र सगळं लिखाण यंत्राकडून गुळगुळीत करून घ्यायचा. इथं इंग्लंडला आल्यावर नळ गळतोय एवढं घरमालकाला फोनवर सांगता येईना, मला बोलवायचा. बँड (परीक्षेतले गुण) मिळतो, भाषा मिळत नाही.

शाहूपुरीची लेक
दादा, त्यानं लिहून घेतलं. मी बोलले. दोन्ही एका मापानं मोजू नका.

निवृत्त मास्तर
हसणाऱ्यांना आवरणं आम्हा शिक्षकांचं काम होतं, ते राहिलं. पोरी, तुझं म्हणणं मान्य. पण यंत्राकडं दुरुस्त वाक्य मागूच नये. "चूक कुठल्या ओळीत आहे एवढंच सांग, दुरुस्त मी करते," असं त्याला मराठीत लिहावं.

लीड्समधला कोल्हापूरकर
सर, रात्री बारा वाजता दमलेलं पोरगं एवढा संयम ठेवेल? उत्तर एका बोटावर असतं.

रंकाळाकाठ
भाचीनं काल मास्तरांचं ऐकून बघितलं. २५० शब्दांच्या निबंधात एकाच ओळीवर वीस मिनिटं अडली, चिडली, पण उत्तर मागितलं नाही. 'सिन्स' नको, 'फॉर' हवा होता, तिचं तिलाच सापडलं. उच्चारांना मात्र माणूस लागणार. सर, रविवारी तासभर द्याल का?

निवृत्त मास्तर
दहाला पाठवा. मोबाइलही आणू दे, ती त्याला काय विचारते ते बघायचंय मला.