आईचे क्रिएटिनीन १.१, तरी ईजीएफआर ५३ कसा?

कर्वेनगरकर:
माझी आई ७४ वर्षांची असून तिला बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवाच्या तपासणीत तिचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.१, म्हणजे छापील मर्यादेच्या आतच आले. परंतु त्याच रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज, ५३ असा ठळक अक्षरांत दाखवला आहे. यातले खरे काय मानावे? शिवाय रात्री तीनदा उठावे लागते म्हणून तिने पाणी फार कमी केले आहे, आणि मंडईत जायचे असले की सकाळपासून घोटही घेत नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

जुना लॅबवाला:
दोन्ही आकडे खरे आहेत. क्रिएटिनीन स्नायूंमधून येते आणि उतारवयात स्नायू झिजतात, त्यामुळे ते मुळातच कमी तयार होते आणि रिपोर्ट दिसायला बरा दिसतो. ईजीएफआर हा क्रिएटिनीन, वय आणि लिंग यांवरून काढलेला हिशेब आहे, हेच १.१ तीस वर्षांच्या स्त्रीचे असते, तर उत्तर ६९ च्या आसपास आले असते. तो ६० च्या खाली किमान तीन महिने राहिला, तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागेल. त्याआधी सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर पाहून घ्यावे; ते ३० च्या आत असणे ही दिलाशाची बाब असते. मात्र सर्वांत बोलका पुरावा तुमच्या घरातल्या जुन्या फायलीत असेल. चार-पाच वर्षांपूर्वी ईजीएफआर ५७ होता की ८०, म्हणजे घसरण संथ आहे की वेगवान, यावर पुढचे सगळे ठरते.

सूनबाई, सहकारनगर:
आमच्या सासऱ्यांचा आकडा घसरला तो गुडघेदुखीच्या गोळ्यांनी. डायक्लोफेनॅक ते ‘साधी गोळी’ समजत, त्यामुळे डॉक्टरांना कधी सांगितलेच नाही. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, आणि सोबत रक्तदाबाचे औषध व उलट्या-जुलाब असतील तर धोका वाढतो. कमी सोडियमचे मीठही विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते.
पाणी तोडू नये, वेळ बदलावी. हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर बहुतेक पाणी संध्याकाळपूर्वी प्यावे. पायांवर सूज असल्यास दुपारी पाय उंच ठेवून पडावे, कारण पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हेही विचारा. गोळीची वेळ मात्र परस्पर बदलू नका.

जुना लॅबवाला:
एक राहिले. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले तरी जळजळ, ताप असा त्रास नसेल, तर वृद्धांना प्रतिजैविके सहसा देत नाहीत. रिपोर्ट पाहून दुकानातून औषध आणू नये.

कर्वेनगरकर:
आभारी आहे. चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, त्यात ईजीएफआर ५७ आहे. आणि आईच्या पर्समध्ये कंबरदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टीही सापडली. आठवड्यातून दोन-तीनदा घेते म्हणे. दोन्ही एकाच पिशवीत ठेवले आहे.