ग्रेट लूपसाठी ट्रॉलर: सात नॉट पुरेत, की वेग हवाच?

सावकाश_तांडेल

धाग्याचं म्हणणं एका वाक्यात: नवरा-बायको दोघांनीच ग्रेट लूप करायचा असेल तर ३२ ते ३६ फुटी, एका डिझेल इंजिनाचा, सात नॉटने चालणारा जुना ट्रॉलर (मासेमारीचा नव्हे, राहायच्या सोयीची संथ बोट) घ्यावा. बाकी पर्याय म्हणजे पैशाचा चुराडा. पटत नसेल तर आकड्यांनिशी खोडून काढा.

ज्यांना लूप ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फ्लोरिडाहून इंट्राकोस्टल जलमार्गाने न्यूयॉर्क, तिथून हडसन नदी, ईरी कालवा, लेक ओंटारिओ, कॅनडातला ट्रेंट-सेव्हर्न, जॉर्जियन बे, लेक मिशिगन, शिकागो. मग इलिनॉय आणि मिसिसिपी उतरायच्या, थोडं ओहायो चढून टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गाने मोबाइल शहर, आणि मेक्सिकोच्या आखातातून परत फ्लोरिडा. सुमारे ६,००० मैल, बहुतेक जण वर्षभर काढतात. नद्यांची साथ मिळावी म्हणून घड्याळाच्या उलट जायचं, म्हणजे प्रदक्षिणा उलटीच.

आता हिशेब. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: हा बोटीचा सहज गाठता येणारा कमाल वेग. ३५ फुटांना ७.९ नॉट येतात. त्याच्या आत, सातवर राहिलात तर एक फोर्ड लेहमन १२० (जुन्या ट्रॉलरांतलं डिझेल इंजिन) सुमारे १,७०० आरपीएमवर ताशी दोन गॅलन पितो. सात नॉट म्हणजे ताशी आठ मैल: ७५० तास, १,५०० गॅलन. तीच वाट १५ मैलांच्या वेगाने, ताशी १५ गॅलन जाळत गेलात तर ४०० तास आणि ६,००० गॅलन. वाचलेले ३५० तास वर्षावर वाटले तर रोजचा एक तासही भरत नाही. त्यासाठी साडेचार हजार गॅलन?

शिवाय पळणार कुठे? ट्रेंट-सेव्हर्नच्या खोदलेल्या भागात ताशी १० किलोमीटरची मर्यादा, ईरीवर बहुतेक ठिकाणी १० मैलांची.

चाइनकोपरा

आधी एक दुरुस्ती. लोक ज्या ग्रँड बँक्स ३६ला 'डिस्प्लेसमेंट ट्रॉलर' म्हणतात तिचा तळ सेमी-डिस्प्लेसमेंट आहे, धारदार चाइनचा (चाइन म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड). डिस्प्लेसमेंट तळ पाणी बाजूला सारत संथच चालतो, सेमी ताकद दिली तर थोडा उचलला जाऊन वेग घेतो. इंजिन लहान म्हणून ती सावकाश चालते, एवढंच. त्यामुळे ती गोल तळाच्या बोटीसारखी संथ डोलत नाही. कमी झुकते, पण झटक्याने परतते. आडव्या लाटेत कपाटं उघडतात ती या झटक्याने.

म्हणजे निवड 'संथ तळ की वेगवान तळ' अशी नाहीच. तळ तोच, इंजिन किती ताकदीचं हा प्रश्न आहे. नॉर्डिक टग ३२ घ्या: एकच कमिन्स इंजिन, २२० ते २७० अश्वशक्ती. सात नॉटवर तीही ताशी दोन गॅलनच्या आसपासच पिते. गरज पडली की १४ नॉट देते, तेव्हा १०-१२ गॅलन जाळते. तुमचा ६,००० गॅलनचा हिशेब सगळी वाट पळत करणाऱ्याचा झाला. तसं करतो कोण?

कॅराबेल_ते_टार्पन

चाइनकोपरांना अनुमोदन. वेग वर्षभर लागत नाही, दोन-चार दिवस लागतो. पण ते दिवस नेमके वाईट असतात.

पहिला दिवस आखाताचा. कॅराबेल ते टार्पन स्प्रिंग्ज, दोन्ही फ्लोरिडातच, सुमारे १७० मैल. आठ मैलांनी २१ तास, म्हणजे रात्र समुद्रात. टार्पनजवळ खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगे पसरलेले असतात आणि तुम्ही पूर्वेकडे जाता, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. सूर्य वर आल्यावर पोहोचायचं तर दुपारी एक-दोनला निघून दुसऱ्या दिवशी दहा-अकराला शिरायचं. दोघंच असाल तर रात्रभर आलटून पालटून पहारा. हेच अंतर १४ नॉटने, म्हणजे ताशी १६ मैलांनी, साडेदहा तासांत उजेडी संपतं. टाकीत २०० गॅलन, जळणार १२५-१३०. एक तृतीयांश राखीव ठेवायचा नियमही कसाबसा पाळला जातो.

दुसरा लेक मिशिगन. सप्टेंबरात तिथे शांत हवेच्या खिडक्या लहान होत जातात. तीन तास शांत मिळाले तर वेगवान बोट पुढचं बंदर गाठते, सात नॉटवाला धक्क्यावर बसून अंदाज वाचत बसतो.

सावकाश_तांडेल

@कॅराबेल, समुद्र दोन फुटांच्या आत असला तरच तुमचे १४ नॉट. चार फुटी आखूड लाटा समोरून आल्या की ३२ फुटी सेमी बोटही आठ-नऊवर येते, मग १३० गॅलनचा हिशेब आणि उजेडाचं गणित दोन्ही कोलमडतं. आणि रात्र नकोच असेल तर कॅराबेलहून स्टाइनहॅची सुमारे ८० मैल. हिवाळ्यातही उजाडता निघून मावळायच्या आत जमतं, फक्त तिथल्या उथळ वाटेची भरती-ओहोटी बघून शिरायचं.

तुम्ही कमिन्सचा आफ्टरकूलर विसरलात, म्हणजे टर्बोने तापलेली हवा गार करणारा भाग. त्यातून खारं पाणी जातं, वेगवेगळे धातू एकमेकांना खातात. दोनेक वर्षांनी काढून, साफ करून, ग्रीस लावून बसवला नाही तर जागीच जाम होतो आणि एके दिवशी ते पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेत येतं. लेहमन १२०ला टर्बो नाही, आफ्टरकूलर नाही. बिघडायला वस्तूच कमी.

गळतीशोधक

तांडेल, लेहमन अमर आहे, मान्य. पण ते ज्या बोटीत बसवलंय ती अमर नाही. सत्तरच्या दशकातले तैवानी ३४ फुटी ट्रॉलर स्वस्त का मिळतात, ते खाली बघा.

सागवानी डेक. दिसायला देखणा, पण फळ्या हजारो स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासच्या थरात आवळलेल्या. स्क्रूवरची बूचं झिजली, शिवणीतलं काळं रबर सुटलं की प्रत्येक भोक म्हणजे नळ. पाणी आतल्या बाल्सा किंवा प्लायच्या गाभ्यात मुरतं आणि गाभ्याचा लगदा होतो. तपासायचं कसं: प्लॅस्टिक डोक्याच्या हातोडीने वीतभर अंतराने ठोकत जा. कोरड्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी बोदा. शंका आली तिथे ओलमापक लावा. मग आत येऊन त्याच जागेखालचं छत आणि खिडक्यांचे खालचे कोपरे बघा. विक्रेत्याने तिथे नवा रंग दिला असेल तर अधिकच बघा.

इंधनाच्या टाक्या. काळ्या लोखंडाच्या, इंजिनाच्या दोन्ही अंगांना, सागवानी डेकच्या बरोबर खाली. डिझेल भरायच्या तोंडाच्या कडेने पाणी झिरपून टाकीच्या माथ्यावर साचतं आणि टाकी वरून, बाहेरून गंजते. आरसा आणि विजेरी घेऊन टाकीची मागची बाजू बघता आली नाही तर किंमत ठरवताना टाक्या बदलायच्या आहेत असंच धरा. जुनी टाकी जागच्या जागी कापून तुकड्यांनी काढावी लागते, कधी आधी इंजिन उचलावं लागतं, आणि तिच्या जागी दोन-तीन लहान ॲल्युमिनियमच्या बसवाव्या लागतात. खर्च पाच आकडी डॉलर. स्वस्त बोटीला हा नाकापेक्षा मोती जड.

आणि लेहमन १२०बद्दल जे कोणी सांगत नाही ते: त्याच्या सिम्स इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं तेल असतं, ते दर ५० तासांनी बदलायचं. इंजिनाचं बदललं म्हणून ते बदललं जात नाही. विक्रेत्याला विचारा, "पंपाचं तेल कधी बदललंत?" तो "कुठला पंप?" म्हणाला तर काय ते समजा.

सावकाश_तांडेल

गळतीशोधकांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा. म्हणून माझ्या वाक्यात दुरुस्ती: जुना ट्रॉलर, पण सागवान काढून डेक बंद केलेला आणि टाक्या बदललेल्या. दुसऱ्या कोणी तो खर्च आधीच केलेला असतो आणि विकताना त्याला तो पुरता वसूल होत नाही. ग्रँड बँक्स १९७३ नंतरची, फायबरग्लासची. त्याआधीच्या लाकडी, सुतारकाम हाच छंद असेल तरच.

दोन_पंखे

दोन इंजिनांची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून मांडतो. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी. आणि धक्क्याला लावताना एक पुढे, एक मागे दिलं की बोट जागेवर वळते, थ्रस्टर (बोट आडवी ढकलणारा छोटा पंखा) लागत नाही.

गळतीशोधक

@दोन_पंखे, वाटेत इंजिन बंद पडायचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे टाकीचा गाळ ढवळून फिल्टर चोंदणं. एकाच टाकीतलं घाण डिझेल दोघांना पाजलंत तर दोन्ही पाठोपाठ मरतात. दोन इंजिनांच्या पैशात एका इंजिनासाठी जोड-फिल्टर बसतो: दोन कप, मधे झडप, वर निर्वात-मापक. काटा पाऱ्याच्या सात इंचांपुढे गेला की चालत्या इंजिनावर झडप फिरवून दुसरा कप घ्यायचा आणि पहिल्याचा कागद बदलायचा.

शिवाय एका इंजिनाच्या बोटीत पंखा (प्रोपेलर) कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या कण्याच्या, मागे असतो आणि खालून पट्टी सुकाणूपर्यंत जाते. मिसिसिपीत पुरानंतर ओंडके वाहत येतात. ते कीलला आपटून बाजूला जातात. तुमचे दोन पंखे बहुतेक बोटींत उघडेच. वर ३६ फुटांत दोन लेहमन बसवले की मधल्या फटीतून बाहेरच्या अंगाला हात पोहोचत नाही. जिथे हात पोहोचत नाही तिथली देखभाल होत नाही.

मधला_क्लीट

इंजिनाच्या भांडणात सगळे पुरुष रमले आहेत. वाटेत शंभराहून अधिक लॉक आहेत, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद. प्रत्येकात कोणीतरी दोर घेऊन उभं राहायचंय, ते कोण आणि कुठून, याचा विचार बोट घेताना करा.

सुकाणूच्या शेजारी सरकता दरवाजा आणि बाहेर निदान फूटभर रुंदीची डेक हवी. सुकाणूवरचा माणूस दोन पावलांत मधल्या क्लीटपर्यंत (दोर अडकवायच्या खुंटीपर्यंत) पोहोचला पाहिजे. लॉकच्या भिंतीवरच्या दोराला किंवा तारेला मधल्या क्लीटवरून एक फेरा दिला की एकटा माणूस बोट धरतो. दोर बांधायचा नाही, पाणी उतरताना गाठ बसली तर बोट टांगली जाते. पीटरबरोच्या लिफ्ट-लॉकमध्ये पाण्याचा हौदच तुम्हाला घेऊन ६५ फूट चढतो, तिथे सोपं. इलिनॉयवरच्या बार्जच्या लॉकमध्ये कस लागतो.

मागची केबिन उंच असलेले सनडेक ट्रॉलर आत मोठे, पण मागून धक्क्यावर उतरायला शिडी. साठीनंतरच्या गुडघ्यांना दिवसातून आठ वेळा ती नको. मागे खुली, सपाट कॉकपिट असलेली सेडान घ्या, एक शयनकक्ष कमी असला तरी.

ट्रेलरवाला

साडेआठ फूट रुंदीची रेंजर टग २७ कशी कोणाच्या तोंडी नाही? रस्त्यावर वेगळा परवाना लागत नाही, लूप तुकड्यांनी करा, हिवाळ्यात घरी अंगणात. वर चक्रीवादळाचा मोसम, १ जून ते ३० नोव्हेंबर, अनेक विमा कंपन्या दक्षिणेत बोट ठेवू देत नाहीत, तो प्रश्नच मिटतो.

कॅराबेल_ते_टार्पन

मिटतो, पण दुसरा उभा राहतो. नव्या २७ फुटी पेट्रोलच्या आउटबोर्डवर (मागे बाहेर लटकणाऱ्या इंजिनावर) चालतात. किम्सविकचा इंधनाचा धक्का बंद झाल्यापासून सेंट लुईसच्या वरच्या आल्टनपासून ओहायोवरच्या पाडुकापर्यंत सुमारे २५० मैल इंधन नाही. मिसिसिपीचे २०० मैल प्रवाहाबरोबर, उरलेले ५० ओहायोच्या प्रवाहाविरुद्ध. १५० गॅलनच्या टाकीवर सावकाश गेलात तर पुरतं, पळवलीत तर नाही. म्हणजे वेगासाठी घेतलेली बोट नेमकी इथे सात नॉटने चालवायची. नदीला पूर असला तर पाडुकाचा धक्काही भरवशाचा नाही. वर्षभर राहायला २७ फूट लहानच, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

नवखा_खलाशी

एवढं वाचून एकच प्रश्न: उंचीची मर्यादा नक्की किती? एका ट्रॉलरची उंची जाहिरातीत १९ फूट लिहिली आहे.

गळतीशोधक

शिकागोच्या पुढे इलिनॉय जलमार्गावर मैल ३००.६ला एक पक्का पूल आहे, साधारण साडेएकोणीस फुटांचा. त्याला वळसा नाही, लूप करणाऱ्या प्रत्येकाला त्याखालून जावंच लागतं. शिकागो शहराच्या मधून जायचं तर १७. ईरी कालवा पश्चिमेला बफेलोपर्यंत करायचा तर साडेपंधरा, पण ऑस्वेगोला वळलात तर तो भाग टळतो.

जाहिरातीतली उंची डोलकाठी पाडून की उभी, आणि अँटेना, रडार, नांगरदिवा धरून की सोडून, हे कोणी लिहीत नाही. स्वतः मोजा: शांत पाण्यात, सर्वांत उंच न पाडता येणाऱ्या वस्तूपासून ओळंबा सोडून पाण्यापर्यंत. मोजताना टाक्या रिकाम्या असू द्या. ४०० गॅलन डिझेल म्हणजे जवळजवळ २,८०० पौंड, ते नसलं की ३६ फुटी बोट दोनेक इंच वर येते. गोड्या पाण्यात ती किंचित खाली बसते, पण त्या भरवशावर राहू नका. पाऊस पडला की पुलाखालचं पाणी त्याहून जास्त चढतं, म्हणून त्या दिवशीची पातळी विचारूनच सुटायचं. १९ फूट ही खरी मोजलेली असेल तर जाते. डोलकाठी पाडल्यावरची असेल, तर ती पाडायचा बिजागर गंजून जाम झालेला नाही ना, ते सर्व्हेच्या (खरेदीआधीच्या तपासणीच्या) दिवशी पाडून बघा.