आतलं मूल की समोरचं मूल? बालकादंबरीकारांच्या एका पोस्टला उत्तर

कानामात्रा

परवा एका बालकादंबरीकारांची लेखनाविषयीची पोस्ट वाचली. सार असं: ‘मी मुलांसाठी लिहीत नाही, माझ्या आतल्या मुलासाठी लिहितो. प्रेरणा आतून येते. खर्डा मुलांना वाचून दाखवणं म्हणजे कौल घेऊन लिहिणं. वाचकांची पत्रं आली की आनंद होतो, पण उत्तरं देत बसलो तर लिहिणार कधी?’ खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

गेली नऊ वर्षं दर शनिवारी मी मुलांना मोठ्याने पुस्तकं वाचून दाखवते. आठ ते बारा वयाची मुलं, कधी सात असतात, कधी वीस. कंटाळा आला असं मूल तोंडाने कधीच सांगत नाही. आधी पाय हलायला लागतात. मग कोणीतरी सँडलच्या पट्ट्याचं वेल्क्रो उघडतं, चर्र. पुन्हा चिकटवतं, पुन्हा चर्र. तो आवाज आला की समजावं, या पानावर लेखकाचं लक्ष मुलावर नव्हतं, स्वतःवर होतं. असे परिच्छेद मी पेन्सिलीने खुणावून ठेवते. त्यातले निम्मे कसले असतात सांगू? लेखकाच्या बालपणाच्या आठवणी. ‘आतलं मूल’ तिथेच बोलत असतं, आणि बाहेरच्या मुलाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

प्रेरणा आतून येते म्हणे. लुईस कॅरोलची अ‍ॅलिस ४ जुलै १८६२ला नावेत बसलेल्या तीन बहिणींना सांगितलेली गोष्ट होती, आणि ‘लिहून द्या’ हा हट्ट त्यातल्या एकीचा. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचा ससा १८९३मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या चित्रपत्रातून आला. आस्ट्रिड लिंडग्रेनच्या गोष्टींमधली दांडगी पिप्पी १९४१मध्ये लेखिकेची स्वतःची लेक आजारी असताना जन्मली, आणि ते विचित्र नावसुद्धा त्या सात वर्षांच्या मुलीनेच काढलं. तिन्ही वेळा समोर एक खरं, नावगाव असलेलं मूल होतं.

उत्तररात्र

मुलांसाठी दोन कादंबऱ्या लिहिल्यात, म्हणून बोलतो. तुम्ही तीन उदाहरणं दिलीत, मी दोन देतो. सी. एस. लुईस यांनी १९६०मध्ये लिहून ठेवलंय की त्यांची नार्निया ही मुलांची कादंबरीमाला एका चित्रातून सुरू झाली: बर्फाळ जंगलात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड. ते चित्र त्यांच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं. पहिलं पुस्तक आलं १९५०मध्ये. मधली पस्तीसेक वर्षं कुठलं मूल समोर बसून पाय हलवत होतं? दुसरं आपल्या घरातलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, अवघ्या काही दिवसांत. तुरुंगात मुलांचा वाचनवर्ग भरत नव्हता.

आता माझं. दुसऱ्या कादंबरीत एक कुत्रा होता, आणि तो शेवटी मरत होता. खर्डा ओळखीतल्या तीन मुलांना दिला. तिघांनी एकच सांगितलं, कुत्र्याला मारू नका. मी ऐकलं. कुत्रा वाचला आणि कादंबरी मेली. सगळी गोष्ट ज्या दुःखाकडे चालली होती तेच मी काढून टाकलं. पुस्तक छापून आल्यावर एका मुलीचं पत्र आलं. तिचा कुत्रा गेला होता. ‘तुमच्या गोष्टीतला कुत्रा म्हातारा आहे म्हणून मी वाचायला घेतलं. पण तुमचा वाचतो. माझा नाही वाचला.’ एवढंच. मुलांचं ऐकून लिहिण्याची किंमत मी मोजली आहे.

कानामात्रा

@उत्तररात्र, पत्र वाचून गलबलले, खरंच. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. चूक दाखवली कोणी? एका मुलीने. आतल्या मुलाने नाही. आणि मुलांची सूचना ऐकणं वेगळं, मुलांकडे बघणं वेगळं. तिघांनी ‘मारू नका’ म्हटलं म्हणजे त्यांचा जीव त्या कुत्र्यात गुंतला होता. ती दाद होती, तुम्ही तिला हुकूम समजलात.

गुरुजींचं म्हणाल, तर ते तुरुंगात जाण्याआधी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय सांभाळत होते, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत होते. हाताने! रोज! सहा वर्षं मुलं त्यांच्या अवतीभवती होती. तुरुंगाच्या भिंतीआड ती मनात बसलेलीच होती.

जुनेपान

तुम्ही दोघं आतलं-बाहेरचं करत बसलात. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा एक उभा असतो, त्याचं काय? संपादक! माझी एक कथा मुलांच्या अंकात आली होती. मुलगी बाबांची वाट बघत दारात उभी आहे, ‘कातरवेळ झाली तरी’. छापून आलं ‘संध्याकाळ झाली तरी’. का, तर मुलांना अवघड जातं. अहो, संध्याकाळ घड्याळात होते. कातरवेळ पोटात होते! त्या मुलीच्या पोटात काय कालवतंय ते त्या एका शब्दात होतं आणि तोच काढला. पॉटरबाईंनी १९०९मध्ये सशांच्या पिल्लांच्या गोष्टीत ‘सोपोरिफिक’ असा झोप आणणारा अगडबंब शब्द सरळ घातला आणि लगेच पिल्लं पेंगताना दाखवली. शंभरावर वर्षं झाली, मुलांना कळतोय.

बिनकाना

@जुनेपान, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, आता ऐका. मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, घरात पुस्तक नाही, वाचून दाखवणारं कोणी नाही. जोडाक्षर आलं की तो थांबतो. तिसऱ्यांदा थांबला की पुस्तक मिटतो आणि खिडकीबाहेर बघतो. त्याला तुमचे पोटात कालवणारे शब्द नकोत, त्याला एक पान पुरं करायचंय. परवा त्याने जोडाक्षरविरहित पुस्तक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अशा मुलासाठी लिहिणारे किती आहेत तुमच्यात? सगळ्यांना हवा असतो तो आधीच वाचणारा, हुशार, पत्रं लिहिणारा वाचक.

जुनेपान

बाई, जोडाक्षर काढून काय उरतं? ‘गोष्ट’ या शब्दातच जोडाक्षर आहे. ‘पुस्तक’ नाही, ‘मित्र’ नाही, ‘रात्र’ नाही, ‘स्वप्न’ नाही. ‘प्रेम’ नाही! हे सगळं वगळून मुलांना काय सांगणार आहात?

बिनकाना

प्रेम नसेल तर माया आहे. रात्र नसेल तर काळोख आहे. मित्र नाही, सवंगडी आहे. आई, बाबा, भाऊ, भूक, राग, भीती, पाऊस, आभाळ, घर यांत कुठेही जोडाक्षर नाही. तेवढ्यात एक अख्खं बालपण मावतं. अमेरिकी बाललेखक डॉ. स्यूसने १९५७मध्ये २३६ शब्दांत टोपीवाल्या मांजराचं पुस्तक लिहिलं, आणि १९६०मध्ये प्रकाशकाशी पैज लावून फक्त ५० शब्दांत दुसरं. बंधनात लिहायला जास्त ताकद लागते, कमी नाही. ती कमवायची नसते म्हणून ‘भाषा पातळ करतात’ असा गळा काढायचा.

जुनेपान

गळा काढतोय? तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत मी. माझ्या डोळ्यांदेखत पानापानातून शब्द गेलेत. स्यूसची बरोबरी करणारे आणा आणि मग बोला. इथे ५० शब्दांत लिहितात ते ५० शब्दच येतात म्हणून!

तिरकीरेघ

दोघांनीही जरा शांत व्हा. मूळ प्रश्नावर कोणी बोललं नाही असं एक सांगते. ‘समोरचं खरं मूल’ एवढं गौरवता, त्या मुलाला कोणी विचारलं? ए. ए. मिल्न यांनी स्वतःच्या मुलाचं नाव आणि त्याची खेळणी उचलून ‘विनी-द-पूह’ची पुस्तकं लिहिली. शाळेत पोरांनी त्याला त्यावरून पिडलं. मोठेपणी, १९७४मध्ये, त्या मुलाने आठवणी लिहिल्या आणि वडील आपल्या चिमुकल्या खांद्यांवर चढून मोठे झाले असं एके काळी वाटायचं, हे नोंदवून ठेवलं.

माझे काका मुलांसाठी लिहायचे. त्यांच्या एका गोष्टीत अंथरूण ओलं करणारी मुलगी आहे. ती मी. नाव बदललं होतं, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, वर्गातल्या एकीलाही कळलं. काका प्रेमानेच लिहीत होते. मी मात्र तो अंक कपाटामागे टाकला होता, घर बदललं तेव्हा सापडला. लेखकांनी आपलं आतलं मूल वापरावं. त्याच्यावर निदान त्यांचा हक्क आहे.

कानामात्रा

@तिरकीरेघ, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी मूल श्रोता म्हणून म्हणत होते, कच्चा माल म्हणून नव्हे. पण ही रेघ वाटते तितकी स्पष्ट नाही हे मान्य. नाइलाजाने मान्य.

घारेडोळे

पत्रांचा मुद्दा राहिलाच. दहा वर्षांची असताना एका लेखकांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, पोस्टकार्ड, चार ओळी: ‘तुझा प्रश्न बरोबर आहे. तो मुलगा विहिरीत उतरला तेव्हा दोर कुणी धरला होता हे मी लिहायला विसरलो. तुला काय वाटतं, कुणी धरला असेल?’ ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी कळलं की पुस्तकं माणसं लिहितात आणि ती चुकतात. त्या एका ओळीने मला आयुष्यभराची वाचक केलं. ज्या सी. एस. लुईस यांचं उदाहरण वर दिलंय, ते मुलांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देत. ती पत्रं १९८५मध्ये पुस्तकरूपाने आली. लिहायला वेळ मिळत नव्हता म्हणून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

उत्तररात्र

@घारेडोळे, तुमचं पत्र मनापासून होतं. मला येतात ते गठ्ठे. लेखकभेटीनंतर शाळेकडून चाळीस पत्रं, चाळीसही ‘आपले पुस्तक मला खूप आवडले. त्यातून मला प्रामाणिकपणाची शिकवण मिळाली.’ फळ्यावरून उतरवलेली. माझ्या पुस्तकात प्रामाणिकपणावर एक ओळ नाही! एका पत्राच्या मागे मात्र पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘सर, तो भुयारातून बाहेर कसा आला?’ त्या एकाला उत्तर दिलं, एकोणचाळीसांना नाही. याची लाज वाटत नाही.

बिनकाना

ती एकोणचाळीस मुलंही वाचकच होती. फळ्यावर मजकूर लिहिला मोठ्यांनी, आणि शिक्षा मुलांना? मुलांची चित्रपुस्तकं करणाऱ्या मॉरिस सेंडॅक यांनी एका छोट्या चाहत्याला चित्र काढून कार्ड पाठवलं, तर त्याच्या आईचं उत्तर आलं, त्याला ते इतकं आवडलं की त्याने खाऊन टाकलं. सेंडॅक याला आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी दाद म्हणायचे. वाचकाने कशा रीतीने आवडून घ्यायचं हे लेखकाने ठरवू नये.

उत्तररात्र

बरं, चाळिसांना उत्तर द्यायला हवं होतं. एक सामाईक पत्र तरी. हे तुमचं ऐकतो.

जुनेपान

सगळे आपापलं बोलून मोकळे झाले. माझ्या कातरवेळेचं कोणाला काही नाही.

बिनकाना

@जुनेपान, आहे. काल तुमचा राग आला म्हणून तो शब्द फळ्यावर लिहून बघितला. का, त, र, वे, ळ. एकही जोडाक्षर नाही त्यात. आणि तुमच्या संपादकांनी घातलेल्या ‘संध्याकाळ’मध्ये ‘ध्या’ आहे. माझा तो मुलगा ‘संध्याकाळ’ला अडखळला. ‘कातरवेळ’ सरळ वाचून गेला आणि विचारलं, म्हणजे काय? मी त्याला बाहेर बघायला सांगितलं, पण तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, तेव्हा काही दाखवता आलं नाही. या शब्दापुरती मी चुकले. जोडाक्षरविरहित पुस्तकांबद्दल एक अक्षर मागे घेत नाही.

जुनेपान

तीस वर्षं मुद्रितं तपासून हे माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या मुलाला माझी ती कथा पाठवतो, माझ्या मूळ हस्तलिखितातली. जोडाक्षरं बरीच आहेत, तुम्ही वाचून दाखवा. शक्यतो मुलं घरी जाण्याआधी, वर्ग सुटताना.

कानामात्रा

@उत्तररात्र, एक विचारू? कुत्र्याचा मूळ शेवट अजून आहे का तुमच्याकडे? शनिवारी वाचते.

उत्तररात्र

आहे. शेवटची तीन प्रकरणं. दोन अटी आहेत. मी लिहिलंय हे सांगायचं नाही, आणि मुलांच्या सूचना मला कळवायच्या नाहीत, एकही नाही. फक्त वेल्क्रो कुठल्या ओळीला वाजलं तेवढं समासात पेन्सिलीने लिहून परत पाठवा.

कानामात्रा

पाठवा. आणि कोणी रडलं तर?

उत्तररात्र

ती ओळही खुणावून ठेवा.