काल्पनिक देशाचं राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम किती मोठं दाखवू?

नकाशेवाला: मंडळी, कादंबरी लिहितोय. दर्यावंती नावाचा बेटांचा देश, वस्ती सहा लाख, जूनपासून धो धो पाऊस. शेवटची मॅच राजधानीतल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये आहे. ८० हजार खुर्च्या, मैदानाभोवती ॲथलेटिक्सचा ट्रॅक, वर सोनेरी कमान असं लिहून ठेवलंय. बायको म्हणते, पटत नाही. काय बदलू?

मडगावकर: वहिनींचं बरोबर आहे. सहा लाखांत ८० हजार म्हणजे दर आठातला एक माणूस मॅचला! एरवी तिथे कावळेच बसणार. बारा-पंधरा हजार पुरे.

उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांकडे बघा. तिथली वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. १९९० मध्ये पहिल्याच स्पर्धात्मक सामन्यात त्यांनी ऑस्ट्रियाला १-० हरवलं, तेही 'घरच्या' मैदानावर. फक्त ते घर होतं स्वीडनमधलं लांड्सक्रोना, कारण बेटांवर नियमात बसेल असं हिरवळीचं मैदानच नव्हतं. कादंबरी इथेच आहे की हो!

ट्रॅक तर काढाच. गोलमागे तो वळतो, त्यामुळे तिथला प्रेक्षक सगळ्यात लांब पडतो. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला मी तसाच बसलो होतो. पलीकडे गोल झाला की नाही, ते शेजारच्या दादांनी उडी मारली तेव्हा कळलं.

आणि पाऊस नुसता वर्णनापुरता नको. आम्ही पावसात खेळलोय. पास दिलेला चेंडू डबक्यात जागच्या जागी थबकतो आणि डिफेंडर घसरत त्याच्या पुढे निघून जातो. निर्णायक गोल असा होऊ द्या.

ऑफसाइड: राष्ट्रीय स्टेडियम हवंच कशाला? स्पेनला ठरलेलं असं एकही नाही, गावोगाव फिरून खेळतात.

मडगावकर: त्यांच्याकडे क्लबांची मोठमोठी मैदानं पडलीत, म्हणून परवडतं. सहा लाखांच्या देशात एकच धड मैदान असणार, तेच राष्ट्रीय.

नकाशेवाला: पटलं. ट्रॅक गेला, खुर्च्या १२ हजार. कमान ठेवू ना?

मडगावकर: लंडनच्या वेम्बली स्टेडियमची १३३ मीटर उंच कमान छपराचं वजन पेलते, म्हणून मध्ये खांब लागत नाहीत. तुमची काय पेलते?

नकाशेवाला: काहीच नाही. पंतप्रधानांच्या मेव्हण्याला कंत्राट मिळावं म्हणून आहे.

मडगावकर: मग अजिबात काढू नका.